उजव्या हाताची जागा

माझा नवरा गुरुनाथ देसाई अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. शनिवारी लॉन कापतो, मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या मांडतो आणि कार्यक्रम संपला की त्याच खुर्च्या एकटा आवरतो. बेसमेंटमध्ये झुरळ दिसलं तर मात्र मला हाक मारतो. अशा माणसाने एका रविवारी पोहे खाता खाता जाहीर केलं, की मी हंटिंगच्या कोर्सला नाव घातलंय, हरणाची शिकार करणार आहे. मी म्हटलं, "आधी झुरळापासून सुरुवात कर."

तो हसला नाही. एरवी माझ्या टोमण्यांवर तोच सगळ्यात आधी हसतो. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हे प्रकरण साधं नाही.

हे खूळ कुठून आलं, ते सांगते. गुरूचं गाव गारगोटीच्या पुढे, जंगलाला लागून. तिथल्या घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, एक फोटो आहे. गुरूच्या जन्माच्या आधीचा. मधोमध हातात बंदूक घेतलेले आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा ऐन उमेदीतले. पायाशी मारलेलं सांबर. मागे रान उठवणारे हाकेकरी दाटीवाटीने उभे, पुढे जीभ बाहेर काढून बसलेला कुत्रा. फोटोग्राफर गारगोटीहून सायकलवर आला होता म्हणे. आबांच्या उजव्या हाताला त्यांचे वडील उभे आहेत आणि त्यांचा हात आबांच्या खांद्यावर आहे. त्या घरची रीतच होती तशी. ज्याने शिकार मारली तो मध्ये, आणि ज्याने त्याला शिकवलं तो त्याच्या उजव्या हाताला. ती जागा दुसऱ्या कुणाची नाही. मग तो पाटील असो की मामलेदार.

गुरू जेमतेम शाळेत जायला लागला आणि शिकारीवर बंदी आली. आबा कायद्याला धरून चालणारे. बंदूक खुंटीला गेली ती गेलीच. पण पिकाची राखण करायला माणूस लागायचाच. डुकरं यायची, गवे यायचे. दिवस कलला की आबा धाकट्या गुरूला घेऊन पिकातल्या उंच माळ्यावर बसायचे, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. थोरल्या भावाला या गोष्टीत रस नव्हता, त्यामुळे ही बैठक गुरूची एकट्याची. जनावराची चाहूल लागली की आबा काही बोलायचे नाहीत. फक्त गुरूच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्याचा अर्थ, हलू नकोस. आबा म्हणायचे, "नेम काय, कोनबी शिकतंय. न हलता बसाय शिक." गवा अगदी जवळ आला की मगच डबा बडवायचा. गुरू सांगतो, त्या हाताखाली बसलं की भीती वाटायची नाही.

पुढे गुरू सांगलीला इंजिनिअरिंगला गेला, मग पुण्याला, मग इकडे. तो फोटो मात्र त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याला हरीण नको होतं, शिंगं नको होती. आबा उजव्या हाताला उभे आहेत आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर आहे, असा स्वतःचा एक फोटो त्याला हवा होता. आबा चौऱ्याऐंशीचे झालेले. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं.

मी माझ्या पुणेरी अकलेप्रमाणे म्हटलं, "फोटोच पाहिजे ना? मे महिन्यात जाऊ, आबांच्या शेजारी उभा राहा, मी काढते. हाय काय आणि नाय काय."

"शिकारीचा म्हणतोय मी," तो म्हणाला.

"आणि आबा इथे येणार कसे?"

"ते बघू," म्हणत तो उठला. पण म्हणून थांबेल तर तो गुरू कसला!

ग्रीन कार्ड हातात पडल्यावर, दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, त्याने तो कोर्स केला. वर्गात बाकीची सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात हे टक्कल पडू लागलेले देसाई. पास झाल्यावर मिळालेलं कार्ड त्याने पाकिटात ठेवलं, माझ्या फोटोच्या पुढे. त्याच्या ऑफिसातल्या डेलची दक्षिणेकडच्या टेकड्यांत जमीन होती. दोन तासांचा ड्राइव्ह. डेलने त्याला बंदूक धरायला शिकवली, झाडावर बांधलेल्या मचाणावर चढायला शिकवलं, भगवं जॅकेट विकत घ्यायला लावलं. त्या जॅकेटमध्ये तो अगदी नगरपालिकेचा माणूस दिसायचा.

ओहायोत बंदुकीने हरीण मारायचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरचा, जेमतेम आठवडाभराचा. पहिल्या वर्षी त्याने खारी पाहिल्या आणि सर्दी घेऊन आला. दुसऱ्या वर्षी गोळी झाडली ती एका ओकच्या झाडाला लागली. डेल वर्षभर पाहुण्यांना ते झाड दाखवत होता. मी चिडवायचं सोडलं नव्हतं, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दर रविवारी गावी फोन केला की सरलावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आबांना फोन द्यायच्या आणि आबा एकच विचारायचे, "घावलं का?" आणि गुरू म्हणायचा, "न्हाई अजून." मग दोघेही गप्प. फोनवरची ती शांतता मला स्वयंपाकघरात उभं राहून ऐकवायची नाही.

तिसऱ्या वर्षी, दोन हजार सहाच्या डिसेंबरात, ते घडलं. मी तिथे नव्हते, त्याने सांगितलं तेवढंच सांगते. सकाळची वेळ, गवतावर दहिवर गोठलेलं. आधी तीन माद्या आल्या, गुरूच्या मचाणाखालून चरत गेल्या. त्याच्या मांडीत पेटका आला होता, नाक गळत होतं. मग मागून नर आला, चांगला आठ टोकांच्या शिंगांचा, आणि थांबून थेट वर बघायला लागला. "त्या वेळी संध्या, खांद्यावर हात पडल्यासारखं वाटलं बघ," गुरू म्हणाला. मी म्हटलं, बंदुकीचा पट्टा असेल. म्हटलं आणि मला माझाच राग आला.

तो हलला नाही. नराने मान खाली घातली, आडवा झाला, आणि गुरूने गोळी झाडली. पन्नास पावलं गेलं असेल ते, मग पडलं.

डेल धावत आला तर हा हरणाजवळ बूट-मोजे काढून अनवाणी उभा, हात जोडलेले. डेलला वाटलं पायाला काही लागलं. मग डेलने इथल्या रिवाजाप्रमाणे सगळी तयारी केली. हरणाच्या तोंडावरचं रक्त पुसलं, जीभ आत ढकलली, पाय दुमडून त्याला बसल्यासारखं केलं. "शिंगं धर, मागे बस, स्माइल." गुरूने शिंगं धरली. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात गुरूचा चेहरा पासपोर्टच्या फोटोत असतो तसा आहे.

वाटेत एका बंदुका-गळांच्या दुकानात हरणाची सरकारी नोंद करून त्याने तिथूनच मला फोन केला.

"संध्या, घावलं."

शपथ सांगते, माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "आबांना कळवलंस? डेलने फोटो काढला ना? आत्ताच ईमेल करू सरलावहिनींच्या पोराला."

"तो नाही पाठवायचा. त्यात मी एकटाच आहे."

"मग?"

"एकट्याची शिकार म्हणजे चोरीची शिकार. आबा बघणारसुद्धा नाहीत. मागे माणसं पाहिजेत. मी पिकअपमधून घरी आणतोय. दुपारपर्यंत कोण कोण येईल, बघ ना."

मी कॅलेंडरकडे पाहिलं आणि मला घेरीच आली. "गुरू, मार्गशीर्ष चालू आहे!"

"विसरलोच की," तो म्हणाला.

तीन वर्षं या माणसाने वाऱ्याची दिशा पाहिली, हरणांच्या वाटा पाठ केल्या, पण अमेरिकेचा शिकारीचा आठवडा बरोबर आपल्या मार्गशीर्षात येतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आमच्या मंडळात एरवी चिकनवर तुटून पडणारी माणसं त्या महिन्यात अंड्याचा केकही विचारून खातात. घरोघरी गुरुवारचे घट मांडलेले. आणि यांना मी फोन करून सांगायचं काय, तर या, मेलेल्या हरणामागे उभे राहा!

तरी केले फोन. लतिका म्हणजे मंडळातल्या मोहनची बायको, आमच्या व्रतवैकल्यांचं मुख्य खातं. ती कडाडलीच. "संध्या, परवाच पूजा केलीय मी. वेडबिड लागलंय का तुम्हाला?" मागून मोहनचा आवाज, "अगं यार, खायला थोडंच सांगतायत, फोटोच आहे ना!" मग फोनवर हात ठेवून दोघांची बराच वेळ वादावादी. शेवटी लतिका म्हणाली, "हे बघ, मी हात लावणार नाही आणि बघणार पण नाही. पण येते. आमच्या निधीच्या बारशाला सत्तर खुर्च्या एकट्याने चढवल्या होत्या गुरूने, तिसऱ्या मजल्यावर."

बाकीच्यांचंही थोडंफार असंच झालं. नाही नाही म्हणत पंधरा-सोळा माणसं आली. या माणसाच्या खुर्च्यांचं इतकं काही जमा झालं असेल, हे मला कधी वाटलं नव्हतं.

भुरभुर बर्फ पडत होतं. ड्राइव्हवेवर ताडपत्री, त्यावर हरीण, मागे आमच्या गराजचं पांढरं दार. हाकेकऱ्यांच्या जागी आयटीवाले, लेदर जॅकेट घातलेले, हातात चहाचे कागदी कप. लतिका अगदी कडेला, हरणाकडे पाठ आणि मान तेवढी कॅमेऱ्याकडे वळवलेली. डेल गुरूच्या डाव्या हाताला. आमची तेरा वर्षांची चैत्राली कॅमेरा घेऊन समोर.

मोहनचे वडील, अरुणकाका, तेव्हा पुण्याहून आलेले होते. कानटोपी, मफलर, आणि सगळ्यांत वडील म्हणून आपली जागा गुरूच्या शेजारी, हे धरूनच ते उजवीकडे जाऊन उभे राहिले. गुरूने त्यांचा दंड हलकेच धरला.

"काका, तुम्ही इकडे मागे याल का? ती जागा... तेवढी राहू दे."

अरुणकाकांचा चेहरा उतरला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डेलसुद्धा गोंधळला. मी गुरूच्या कानात म्हटलं, "अरे, शिकवलं डेलने. मग त्याला तरी उभं कर तिथे."

"डेलने बंदूक शिकवली," तो म्हणाला. "बसायला आबांनी शिकवलं."

चैत्राली थंडीने कुडकुडत ओरडली, "बाबा, देअर्स अ ह्यूज गॅप! मूव्ह इन!"

"असू दे गं."

"इट लुक्स लाइक समबडी लेफ्ट!"

"गेलं नाही कुणी," गुरू म्हणाला. "यायचंय."

तिने खांदे उडवले आणि फोटो काढला. फोटो निघताना गुरूच्या शेजारी ती रिकामी जागा, एका माणसाच्या मापाची, आणि तिच्यात बर्फ पडत होतं. मी रांगेत मागे उभी होते. मला त्या वेळी आबांचा भयंकर राग आला, आणि डॉक्टरांचा, आणि मधल्या त्या एवढ्या मोठ्या समुद्राचा.

मार्गशीर्ष संपेपर्यंत मांस फ्रीजरमध्ये राहिलं. मग गुरूने गावच्या पद्धतीने वाटे केले. फोटोत उभा असलेल्या प्रत्येकाला एक पुडकं, पाठ करून उभ्या राहिलेल्या लतिकालासुद्धा. एक पुडकं फ्रीजरमध्ये मागे उरलं. त्यावर त्याने 'आबा' लिहिलं होतं. मटार काढताना दर वेळी ते माझ्या हाताला लागायचं, आणि मी ते पुन्हा आत सारायची.

फोटो मोठा करून गावी पोस्टाने पाठवला. आबांना हातात धरता आला पाहिजे, स्क्रीनवर नाही, असं गुरूचं म्हणणं. पोचायला तीन आठवडे लागले. त्या रविवारी फोन करताना त्याने आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. जसं काही आबा फोनमधून बघणार होते!

"पोचला फोटो," आबा म्हणाले.

गुरूने शर्टाची कॉलर सारखी केली.

"उजवीकडं जागा कशापायी सोडली?"

"तुमची हाय ती, आबा."

"हूं," म्हणाले, आणि फोन सरलावहिनींकडे दिला. वहिनींनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

तीन वर्षं! दोन शब्द चांगले बोलले असते तर काय बिघडलं असतं? मी दोन दिवस आबांच्या नावाने बोटं मोडत होते. गुरूने मात्र भगवं जॅकेट धुऊन, घडी घालून कपाटात वर ठेवलं. पुढच्या रविवारी आबांनी "घावलं का?" विचारायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा बोलायला काही उरलंच नाही. कापसाचा भाव विचारायचा तर त्यांच्याकडे कापूस पिकत नाही. फोन लवकर संपायला लागले. मला वाटलं, असं होणार होतं तर हरीण सापडलंच नसतं तरी बरं होतं. निदान दोघांकडे वाट बघायला काहीतरी होतं.

फेब्रुवारीत मोहन वडिलांना सोडायला पुण्याला गेला. परत आला तो एक चपटं, जड पार्सल घेऊन. सरलावहिनींच्या भावाने ते मुद्दाम गारगोटीहून पुण्याला आणून दिलं होतं. आत चटणीची पिशवी, आणि धोतराच्या पानात गुंडाळलेला, काच आणि सोनेरी पट्टीची फ्रेम असलेला एक फोटो.

आमचाच फोटो. तेच गराज, तोच डेल, तीच पाठमोरी लतिका. फक्त उजवीकडच्या रिकाम्या जागेत आबा उभे होते.

गारगोटीच्या स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर बसवले होते. कोल्हापुरी फेटा, काळा कोट, पांढरं धोतर, पायात वहाणा. डेलपेक्षा दीडपट मोठे. ऊन त्यांच्या अंगावर भलत्याच बाजूने पडलेलं आणि वहाणा बर्फापासून चांगल्या वीतभर वर. चैत्राली खो खो हसत सुटली, "ओ माय गॉड, आजोबा इज फ्लोटिंग!" मीही हसले. हसू आवरतच नव्हतं. मग गुरूकडे पाहिलं आणि थांबले.

तो आबांच्या हाताकडे बघत होता.

हात पुढे आलेला होता, बोटं जराशी वाकलेली, कशावर तरी टेकलेली. पण खांद्यावर नव्हता. गुरूच्या खांद्याच्या कितीतरी खाली, कोपराच्या जवळ हवेतच होता.

गुरू फ्रेम घेऊन गराजमध्ये गेला, सायकलींच्या वर ठेवली आणि तिथूनच गावी फोन लावला. स्पीकर चालू होता. मी दारात उभी होते. सरलावहिनी आधी भरभरून बोलल्या.

"भावोजी, आबांनी नुसता उच्छाद मांडला होता बघा. डॉक्टर नको म्हणत असताना जीप करून गारगोटीला गेले. तुमच्या दादांचं लग्नातलं धोतर नेसून. स्टुडिओत म्हणाले, हात ठेवायला स्टूल आण. त्यानं आणलं उंच, तर म्हणाले एवढं नको, ठेंगणं आण. मी म्हटलं, आबा, गुरुनाथभावोजी आता तुमच्याहून उंच आहेत. तर माझ्यावरच डाफरले, म्हणाले, माझ्या पोराचा खांदा कुठं येतो ते मला शिकवतीस व्हय?"

मग खाकरल्याचा आवाज आला आणि फोनवर आबा आले. दम लागत होता.

"गुरू. हात बरूबर पडला न्हवं खांद्यावर?"

गुरू त्या फोटोसमोर उभा होता. चाळीस वर्षांचा, सहा फुटी माणूस. मी बघत होते. त्याने गुडघे वाकवले, थोडे, मग आणखी थोडे. उजवा खांदा खाली आणला, फोटोतल्या हाताच्या उंचीला येईपर्यंत.

"पडला, आबा," तो म्हणाला. "बरूबर पडला."

"मग आता हलू नगस," आबा म्हणाले.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. गुरू तसाच वाकून उभा राहिला. चैत्राली जेवायला बोलवायला आली होती, तिला मी हाताला धरून आत घेऊन गेले. फ्रीजरमधलं 'आबा' लिहिलेलं ते पुडकं काढून पाण्यात ठेवलं, आणि कांदा चिरायला घेतला.